तीन पाळ्यांचं पोट

भोसरीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला दिनदर्शिका टांगलेली आहे. दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मुलीच्या फीची आठवण, असं जे बहुतेक घरांतल्या दिनदर्शिकेवर असतं, ते तिच्यावरही आहे. त्याखेरीज दर सोमवारच्या चौकोनात लाल पेनानं एक अक्षर लिहिलेलं आहे : फ, से किंवा ना. फर्स्ट, सेकंड, नाईट. ही अक्षरं घरच्या बाईंच्या हातची. डबा किती वाजता भरायचा, मुलांना दुपारी कधी गप्प बसवायचं, पाहुण्यांना कुठल्या आठवड्यात बोलवायचं, हे सगळं त्या अक्षरावर ठरतं. आणि दर रविवारच्या चौकोनात हिरव्या पेनानं एक आकडा आहे. ८३.४. ८३.९. ८३.१. तो त्यांच्या नवऱ्याच्या हातचा. रविवारी सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी घेतलेलं वजन.

नवरा एका कारखान्यात सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे. वय ४१. पाळीत काम करायला लागून १८ वर्षं झाली. लग्नात वजन ६२ किलो होतं. गेल्या वर्षी कंपनीत मेडिकल चेकअप झालं तेव्हा काटा ८३ वर, कंबर ९८ सेंटिमीटर आणि उपाशीपोटीची साखर ११८. डॉक्टरांनी सांगितलं, खाणं कमी करा आणि रोज चालत जा. त्यावर त्यांनी विचारलं, “साहेब, खाणं कमी म्हणजे कुठल्या वेळचं? आणि चालायचं ते झोपायच्या आधी की झोपून उठल्यावर?” मागे रांग होती. उत्तर मिळालं नाही. त्यांनी तोच प्रश्न मला विचारला आणि त्या प्रश्नामागे मी वर्षभर फिरलो.

प्रश्न माझ्याही घरातला आहे. माझे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत २६ वर्षं तिन्ही पाळ्या करून निवृत्त झाले. नाईटच्या आठवड्यात आम्ही भावंडं दुपारभर कुजबुजत बोलायचो आणि कुकरची शिटी होऊ नये म्हणून आई डाळ पातेल्यात शिजवायची. पस्तिशीनंतर वडिलांचं पोट सुटलं. आम्ही आणि नातेवाईक त्याला ‘सुखाचं पोट’ म्हणायचो. पुढे मधुमेह निघाला. ते पोट सुखाचं नव्हतं, जागरणाचं होतं, हे मला त्यांच्या हयातीत कळलं नाही.

रात्री अडीचचं जेवण काय असतं ते पाहायला मी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये रात्र काढली. कंपनीचं नाव छापायचं नाही या अटीवर परवानगी मिळाली. खणांचं स्टीलचं ताट. मोठ्या खणात भाताचा ढीग, शेजारी आमटी, बटाट्याचा रस्सा, दोन चपात्या, गुरुवार असल्यामुळे शिरा. पंचवीस मिनिटांत जेवण उरकून सगळे परत लाईनवर. खरं पाहण्यासारखं होतं ते पुढे, पहाटे चारच्या सुमाराला. त्या वेळी शरीराचं तापमान दिवसभरातल्या सगळ्यात खालच्या पातळीवर असतं आणि झोप अक्षरशः डोक्यावर बसते. चहाची किटली फिरली आणि तिच्यामागून खारी, क्रीम रोल, बिस्किटांचे पुडे. एकालाही भूक लागलेली नव्हती, हे त्यांनीच सांगितलं. डोळे मिटू नयेत म्हणून तोंड चालू ठेवायचं. मशीनसमोर डुलकी लागली तर बोट जातं, तेव्हा या खाण्याला कुणी चटक म्हणू नये. ते सुरक्षेसाठी केलेलं खाणं आहे. पण शरीर त्याचा हिशोब ठेवतंच. नाईटमध्ये चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर ४० ग्रॅम साखर होते, म्हणजे १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. इथे ती मर्यादा रात्रीच्या चहातच मोडते.

आता मुख्य गोष्ट. तेच ताट दुपारी एकला खाल्लं आणि रात्री अडीचला खाल्लं तर शरीरात वेगळं घडतं. मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडं वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. ते आपलं मुख्य घड्याळ. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर ते लागतं. त्याशिवाय यकृताचं, स्वादुपिंडाचं, आतड्याचं स्वतःचं घड्याळ असतं आणि त्यांच्यावर जेवणाच्या वेळेचा मोठा पगडा असतो. ही घड्याळं पेशीच्या आत कशी चालतात हे फळमाशीवरच्या कामातून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग या तिघांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पाळीचा कामगार रात्री अडीचला जेवतो तेव्हा मेंदूचं घड्याळ रात्र सांगत असतं आणि यकृताला अन्न येऊन सांगतं की दिवस उजाडला. एकाच घरात दोन घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवू लागली की जे होतं, ते शरीरात होतं.

बोस्टनमध्ये २००९ साली फ्रँक शीअर आणि सहकाऱ्यांनी दहा निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांचा दिवस २४ ऐवजी २८ तासांचा केला. काही दिवसांत त्यांचं जेवण आणि झोप शरीराच्या घड्याळाच्या नेमकी उलट झाली. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन हे संप्रेरक १७ टक्क्यांनी घटलं, रक्तातली साखर ६ टक्क्यांनी चढली, आणि चढली ती इन्सुलिन २२ टक्क्यांनी वाढलेलं असूनही. पाच वर्षांनी कोलोरॅडोत १४ जणांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की दिवसा झोपून रात्री जागणाऱ्या माणसाचं शरीर दिवसभरात सुमारे तीन टक्के ऊर्जा कमी जाळतं. तीन टक्के ऐकायला काहीच नाहीत. दोन हजार कॅलरींवर साठ होतात, म्हणजे तीन चमचे साखर. पण ती वर्षानुवर्षं शिल्लक राहते.

त्यात झोपेची तूट मिळवा. शिकागोत बारा तरुणांना फक्त दोन रात्री चारच तास झोपू दिलं. लेप्टिन १८ टक्के घटलं, भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्के वाढलं आणि त्यांनी स्वतः सांगितलेली भूक २४ टक्क्यांनी वाढली. ओढ कशाची? गोडाची, खारटाची, पिठूळ पदार्थांची. सकाळी साडेसातला कंपनीच्या बसमधून उतरलेला माणूस टपरीवर वडापावकडे का वळतो, याचं उत्तर या आकड्यांत आहे. त्याच्या मनाच्या कमकुवतपणात ते शोधणं अन्याय आहे. माझ्या वडिलांवर आम्ही तो अन्याय केला.

वेगवेगळ्या देशांतल्या २८ अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१८ मध्ये मांडला गेला. रात्रपाळी करणाऱ्यांत लठ्ठपणाची शक्यता एकूण सुमारे २३ टक्क्यांनी जास्त निघाली, पण पोटावरच्या चरबीची ३५ टक्क्यांनी. म्हणजे काट्यापेक्षा कंबर आधी बोलते. आपल्याला हे अधिक लागू आहे, आणि ते ज्यांनी जगाला दाखवलं ते पुण्याचेच : केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असतानाचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो आणि आतून चरबी बाळगतो. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ ओलांडला की वजन जास्त धरतात. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या आत हवी. ज्या घरात वजनकाटा नाही तिथे शिंप्याची टेप पुरते. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

परत भोसरीच्या त्या दिनदर्शिकेकडे. मला वाटलं होतं की ‘ना’ लिहिलेल्या आठवड्यांनंतर आकडा वाढत असेल. आम्ही तिघं जमिनीवर बसून वर्षभराची पानं उलटत गेलो आणि वेगळंच दिसलं. नाईटच्या आठवड्यात वजन कधी वर कधी खाली. सगळ्यात नेमानं वाढ होती ती ‘से’च्या आठवड्यात. बाईंनी चटकन विचारलं, “अहो, सेकंडला तर तुम्ही रोज रात्री झोपता की!”

सेकंडची वेळ दुपारी साडेतीन ते रात्री बारा. संध्याकाळी आठला कँटीनमध्ये पूर्ण जेवण व्हायचं. बारा वाजता सुटून पाऊण वाजता घरी. बाई तोवर जाग्या. नवरा आल्याची चाहूल लागली की तवा चढवायच्या. दोन गरम भाकऱ्या, पिठलं किंवा भाजी, वर भात. दिवसभरात नवरा-बायकोला समोरासमोर बसायला मिळायचा तेवढाच अर्धा तास. दीडला जेवण संपायचं, पावणेदोनला अंथरूण. मी विचारलं, पोट भरलेलं असायचं तर नको का नाही म्हणालात? ते म्हणाले, “ही पाऊण वाजेपर्यंत जागून बसलेली. तिला नको कसं म्हणू?” आणि बाई म्हणाल्या, “हे इतके थकून येतात, त्यांना उपाशी कसं झोपवू?” अठरा वर्षं दोघांनी एकमेकांच्या मायेखातर मध्यरात्रीचं दुसरं जेवण चालू ठेवलं होतं. त्यातल्या एकालाही ते हवं नव्हतं. बाईंचं स्वतःचं वजनही त्या वर्षांत ११ किलोनं वाढलं होतं, कारण सोबत म्हणून त्याही अर्धी भाकरी खायच्या आणि पहाटे मुलांच्या शाळेसाठी पुन्हा साडेपाचला उठायच्या. पगाराच्या स्लिपवर पाळी एकाची असते, घरात ती सगळ्यांची फिरते.

पाळीच्या माणसाचं वजन या विषयावर मी जेवढं वाचलं आणि ऐकलं, त्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे. रात्रपाळीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. दुसरी पाळी सोपी समजून आपण तिला मोकळं सोडतो. तिच्यात झोप रात्रीची मिळते, पण दिवसाचं सर्वांत मोठं जेवण शरीर ते घ्यायला सर्वांत नालायक असतं त्या वेळी येतं आणि त्यावर लगेच झोप.

पुण्यातल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या सिस्टरनं हेच दुसऱ्या बाजूनं सांगितलं. नाईट ड्युटीत तिला बसून जेवता येत नाही. पेशंटची प्रकृती, औषधांच्या वेळा, पहाटेचे रक्ताचे नमुने आणि शेवटी हँडओव्हर. डबा तसाच राहतो आणि पोटात जातो तो नातेवाइकांनी आणून दिलेला पेढ्यांचा बॉक्स किंवा ड्रॉवरमधलं बिस्किट. सकाळी घरी गेल्यावर स्वयंपाक, सासूबाईंच्या औषधांचं बघणं, दुपारी दोन तास झोप. नाईट ऑफ लग्न-मुंजीत जातो. अमेरिकेत पावणेदोन लाखांहून अधिक नर्सेसचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला आहे. फिरत्या रात्रपाळ्या १० ते १९ वर्षं केलेल्यांत टाइप-टू मधुमेहाचा धोका ४० टक्के जास्त आढळला, २० वर्षांहून अधिक काळ केलेल्यांत ५८ टक्के. आणि वजनवाढीचा वाटा हिशोबातून काढला तेव्हा त्या जादा धोक्याचा मोठा भाग गळून पडला. याचा अर्थ मी असा घेतो : पाळी बदलणं आपल्या हातात नसेल, तरी वजन धरून ठेवलं तर पाळीचा बराच मार चुकवता येतो. म्हणून हे सगळं लिहायचं.

भोसरीच्या जोडप्यानं काय केलं ते सांगतो. त्यांनी कुठलंही नाव असलेलं डाएट केलं नाही.

सर्वांत आधी सेकंडच्या आठवड्यातलं एक वाजताचं ताट बंद झालं. हे सर्वांत कठीण गेलं. बाई पहिले चार दिवस तरीही जागत होत्या. मग ठरलं की त्यांनी अकराला झोपायचं, ओट्यावर तांब्याभर ताक झाकून ठेवायचं, आणि दोघांनी गप्पांसाठी सकाळी दहाची वेळ राखायची. मुलं शाळेत, घर शांत. आता मुख्य जेवण दुपारी दीडला, ड्युटीवर निघायच्या आधी, दोघांनी मिळून. संध्याकाळी आठला कँटीनमध्ये उसळ, चपाती, ताक. भात दुपारच्या ताटात गेला.

नाईटला मोठं जेवण रात्री साडेआठला घरी होतं, मुलांबरोबर. अडीचच्या सुट्टीत डबा उघडतो, पण त्यात मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ, काकडी, उकडलेलं अंडं किंवा भाजलेले हरभरे असतात. अमेरिकेतल्या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेनं नर्सेसना दिलेला सल्लाही असाच आहे : मध्यरात्र ते सकाळी सहा शक्यतो खाऊ नये, खाल्लंच तर थोडं. २०२१ मध्ये बोस्टनच्या गटानं १९ जणांना रात्रपाळीसारखं जागवलं. रात्री जेवणाऱ्यांची साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. रात्री जागूनही फक्त दिवसा जेवलेल्यांची वाढली नाही. रात्रभर उपाशी राहून मशीन चालवणं सगळ्यांना जमणार नाही आणि मी तसा आग्रहही धरणार नाही. थोडकं, प्रथिनांचं, तेल-साखर नसलेलं खाल्लं तरी खूप झालं. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं खाणं बंद करू नये. साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

चहा राहिला, पण पहाटे तीननंतरचा गेला. शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा साडेपाचचा चहा नऊच्या झोपेत आडवा येतो. चारच्या झोपेवर त्यांनी वेगळा उपाय केला. तोंडावर गार पाणी आणि शॉपमधल्या सर्वांत प्रखर दिव्याखाली पाच मिनिटं उभं राहून चालणं. सोबतचे आधी हसले, आता दोघं-तिघं त्यांच्याबरोबर चालतात.

सकाळी घरी येताना गॉगल आणि टोपी. कोवळं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूचं घड्याळ दिवस सुरू झाला असं धरतं आणि झोप उडते. घरी आल्यावर एक भाकरी-भाजी किंवा वाटीभर दलिया, आणि अंथरूण. पूर्वी इथे पोहे, वडा, चहा असं चालायचं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात जागरणाबद्दल एक सूचना आहे. ज्याला जागायची सवय नाही त्यानं सकाळी न जेवता झोपावं आणि जागरणाच्या निम्म्या वेळाइतकं झोपावं, अशा आशयाची. एवढ्या जुन्या ग्रंथात जेवण आणि दिवसाची झोप यांचा एकत्र विचार झालेला पाहून मला फार बरं वाटलं. पूर्ण उपाशी झोपून दोन तासांत भुकेनं जाग येत असेल तर थोडं खावंच. पण भरल्या पोटी नको.

झोपेसाठी खर्च झाला तो खिडकीच्या जाड पडद्याचा. दाराबाहेर पुठ्ठा अडकवला : ‘नाईट चालू आहे, अडीचनंतर या.’ भंगारवाला पुठ्ठा वाचत नाही, पण शेजारच्या काकू वाचतात आणि भिशीच्या बायकांना त्याच थोपवतात. फोन बाईंकडे. नऊ ते अडीच झोप, आणि रात्री निघायच्या आधी पाऊण तास डुलकी. चालणं उठल्यानंतर, कधीच झोपेच्या आधी नाही. डॉक्टरांनी न दिलेलं उत्तर त्यांनी असं स्वतः शोधलं. दिवसभर मशीनपाशी उभं राहतो म्हणजे व्यायाम झाला, हा समजही त्यांनी सोडला. आजची मशीनं माणसाला उभं करतात, हलवत नाहीत.

वजन मोजण्याचीही एक रीत त्यांना सापडली. पाणी, मीठ आणि झोप यांच्यामुळे पाळीच्या माणसाचं वजन आठवड्यात किलोभर सहज हलतं. कालच्याशी आजची तुलना केली की माणूस खचतो. ते ‘ना’ची तुलना मागच्या ‘ना’शी करतात, ‘से’ची मागच्या ‘से’शी. तीन आठवड्यांनी एकदा खरा आकडा कळतो. मला ही रीत कुठल्या पुस्तकात सापडली नाही आणि ती कुठल्याही ॲपपेक्षा चांगली वाटली.

सगळ्यांना घर असतं असं नाही. चाकणला कॉट बेसिसवर राहणारी मुलं पाहिली. एका खोलीत सहा खाटा, पाळ्या वेगवेगळ्या, एकाचा दिवा बंद तर दुसऱ्याचा चालू. मुंबईच्या गिरणगावातले गाळे असेच होते. एक उठला की त्याच्या जागी दुसरा पथारी टाकायचा. पण गिरणीकामगाराला खानावळवाली बाई होती. कुणाची कुठली पाळी हे तिला पाठ असायचं आणि त्याप्रमाणे ती ताट वाढायची. याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. चाकणच्या मुलांना रात्री बारानंतर मिळतो तो भुर्जीपाव आणि चायनीजची गाडी. त्यातल्या एकाचं वजन उलट सहा किलोनं उतरलं आहे. ॲसिडिटीनं जेवण जात नाही. पाळीत वजन राखणं म्हणजे त्यालाही सावरणं. तो २३ वर्षांचा आहे, कंत्राटी आहे, आणि पाळी बदलून मागितली तर काम जाईल अशी त्याला भीती आहे.

म्हणून हा भार एकट्या कामगारावर आणि त्याच्या बायकोवर टाकता येत नाही. पाळ्यांचा तक्ता कोण लावतो हे पाहिलं पाहिजे. माणसाच्या आतल्या घड्याळाचा दिवस २४ तासांहून किंचित मोठा असतो. त्यामुळे पुढे सरकणं त्याला सोपं जातं : फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर नाईट. उलट्या क्रमानं फिरवलं की शरीराला दर आठवड्याला मागे खेचल्यासारखं होतं. अमेरिकेत युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात हा क्रम सुलटा केला आणि पाळ्या आठवड्याऐवजी २१ दिवसांनी फिरवल्या. १९८२ मध्ये चार्ल्स चाइसलर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं की कामगारांच्या तक्रारी घटल्या, समाधान वाढलं आणि उत्पादनही वाढलं. या गोष्टीला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी मी भेटलो त्यांतल्या निम्म्यांच्या पाळ्या आजही उलट्या फिरतात. क्रम बदलायला पैसा लागत नाही.

कँटीनचंही तेच. १९४८ च्या कारखाने कायद्यानं २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कँटीनची तरतूद केली आणि तिच्या व्यवस्थापन समितीत कामगारांना जागा दिली. २०२० च्या कामगार संहितेनं ती मर्यादा, कंत्राटी कामगार धरून, १०० वर आणली. पण समितीच्या बैठकीत चर्चा होते ती दराची आणि गुरुवारच्या गोडाची. रात्री अडीचला भाताऐवजी उसळ आणि ताक मिळावं, पहाटेच्या किटलीत साखर वेगळी द्यावी, अशी मागणी मी एका तरी युनियनच्या पत्रकात शोधत होतो. सापडली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानं १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवार मिळाला. शरीराच्या हक्कासाठी भांडायची परंपरा आपलीच आहे. रात्रीचं ताट हाही त्याच हक्काचा भाग आहे.

माझी विनंती दोघांना आहे. ज्यांच्या हातात तक्ता आहे त्यांनी येत्या महिन्यात पाळ्या सुलट्या क्रमानं लावून पाहाव्यात आणि कँटीन समितीला रात्रीच्या ताटाचा विषय घ्यायला सांगावं. आणि ज्या घरात पाळी आहे तिथे नव्या वर्षाची दिनदर्शिका टांगताना तिच्याशेजारी एक हिरवं पेनही अडकवावं. भोसरीच्या घरी गेल्या महिन्यातल्या ‘से’च्या रविवारी लिहिलेला आकडा ७७.२ आहे. कंबर ९१. बाईंनीही आता स्वतःचा आकडा त्याच चौकोनात, खाली, लिहायला सुरुवात केली आहे.